साक्षीदाराची सही

भागीरथीबाई तांडेलांनी टेबलावर मुलाचा फोटो ठेवला. "माझा हेरंब. वार्ताहर होता. अकरा वर्षांपूर्वी तुमच्या माणसांनी घरातून उचलून नेला. कुठे आहे तेवढं सांगा."

विश्वंभर केळसकरांनी चष्मा पुसून फोटो पाहिला. गुप्तचर संस्थेचे ते माजी प्रमुख. कुणी त्यांना देशाचा तारणहार म्हणे, कुणी कसाई. निवृत्तीच्या दिवशी यंत्राखाली बसवून त्यांच्या डोक्यातली नोकरीची सगळी वर्षं पुसली होती, गुपितं बाहेर जाऊ नयेत म्हणून. हा नियम त्यांनीच केला होता. तेही आता बायकोनं सांगितलं म्हणून ठाऊक.

"बाई, मला खरंच काही आठवत नाही." त्यांचे डोळे भरून आले. "माझ्या हाताखाली असला राक्षस होता? थांबा, तक्रार मी लिहून देतो."

त्यांनी कागद ओढला. गुन्हेगार कितीही मोठा असो, त्याला फाशीच व्हावी, असं लिहून साक्षीदार म्हणून खाली सही केली.

भागीरथीबाईंनी पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढला. हेरंबला नेताना त्या माणसांनी त्यांच्या हातात दिलेला हुकूम. तो त्यांनी तक्रारीशेजारी ठेवला.

दोन्हीकडे तीच सही. शेवटचा तोच लांब फटकारा.

केळसकरांनी दोन्ही कागदांवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग फोटो उचलून त्यांनी बाईंनाच विचारलं, "कुठे आहे हो हा?"