बाईंचा उजवा कान

"आवाज आला की बटण दाबा, ताई," धाकटा म्हणाला आणि ओशाळला. हे वाक्य त्याला बाईंनीच शिकवलं होतं.

इस्पितळात कान तपासणारी माणसं दोनच. सव्वीस वर्षं नोकरी झालेल्या बाई आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेला हा, म्हणून सगळ्यांचा धाकटा. आज बाई हेडफोन लावून काचेच्या आत बसल्या होत्या आणि तो बाहेर, मशीनपाशी.

चार दिवसांपूर्वी नवऱ्यानं गाडी फाटकाच्या खांबावर घातली. शेजारी बसलेल्या बाईंपुढची एअरबॅग फुटली. कानाशी बंदुकीचा बार काढावा तसा आवाज झाला. अंगावर साधा ओरखडा नाही. जिवावरचं शेपटीवर निभावलं, असं जो तो म्हणाला. पण तेव्हापासून बाईंच्या उजव्या कानात शिट्टी वाजत होती आणि तिच्यापलीकडचं फारसं काही ऐकू येत नव्हतं. घरी सांगावं, तर नवरा जन्मभर स्वतःला कोसत बसणार. इथे सांगावं, तर कान गेलेल्या बाईकडे कान तपासायला कोण येणार? पण धाकट्याला संशय आला आणि त्यानं "एकदा तपासून घ्याच" म्हणून पिच्छा पुरवला, तेव्हा नाही म्हणायची सोय उरली नाही.

पेशंटला बाई नेहमी भिंतीकडे तोंड करून बसवत. तपासणाऱ्याचे हात दिसले की लबाडी करतात मेले! आज त्या खुशाल काचेकडे तोंड करून बसल्या. आवाज सोडताना धाकट्याचा खांदा हलायचा. ही खोड मोडायला त्या किती ओरडल्या होत्या, आणि आता तिच्यावरच भिस्त. खांदा हलला, बटण दाबलं. मधे दोन-तीनदा मुद्दाम दाबलंही नाही. चोरी कशी बेतानं करावी.

धाकटा बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग बोट वर करून त्यानं 'पुन्हा एकदा' अशी खूण केली. बाई चिडल्या, पण बसल्या. खांदा हलला, बटण दाबलं. असं अठरा वेळा.

तो दार उघडून आत आला आणि त्यांच्या डाव्या बाजूला स्टूल ओढून बसला.

"ताई, या खेपेला मी एकही आवाज सोडला नाही. नुसता खांदा हलवत होतो."

बाईंना रडूच फुटलं. "लिही मग, बहिरी म्हणून लिही! माझी खुर्ची तुलाच मिळेल."

"खुर्ची घाला चुलीत! चार दिवस गेलेत, ताई. डॉक्टर अजून बसलेत. आज औषध सुरू झालं तर कान थोडाफार तरी वाचेल."

तो उठला आणि त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन हेडफोनची वायर गुंडाळता गुंडाळता आणखी काहीतरी बोलला. गेले चार दिवस बाईंनी कुणालाच "काय?" म्हणून विचारलं नव्हतं. समोरचा बोलला की हसायचं आणि हो म्हणायचं, एवढ्यावर भागवलं होतं. आताही त्यांच्या तोंडाशी हो आलं होतं.

"ऐकू नाही आलं रे," त्या म्हणाल्या. "परत सांग."