टाइल्सच्या कब्रस्तानात

नेईदे धपकन त्या खोक्यावर बसली, स्कर्ट चारी बाजूंनी पसरला आणि पाय मुरगळल्यासारखा घोटा चोळू लागली. खोक्यात ती होती. चॉकलेटी टाइल, मध्ये पिवळं फूल, कोपऱ्यात गव्हाच्या लोंब्या. पाच हव्या होत्या, इथे मेली चांगली वीसेक निघाली.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात ह्या दुकानाला सगळे टाइल्सचं कब्रस्तान म्हणतात. कारखान्यांनी कधीच बंद केलेला माल इथे रचून ठेवलेला. घरातली एखादी फुटली की माणूस तिचा तुकडा घेऊन जोड शोधायला इथेच येतो. नेईदेही सासूला, दोना इरासेमाला घेऊन आली होती. गेल्या महिन्यात बीन्सचा कुकर उडाला. बीन्स छताला चिकटले आणि शेगडीमागच्या पाच टाइल्स तडकल्या. घर सासूचं, तेव्हा हुकूमही सासूचा: जोड मिळाली तर पाचच बदलायच्या. नाही मिळाली तर अख्खी भिंत नेईदेची, हवी तशी सजव.

बावीस वर्षं त्या चॉकलेटी भिंतीकडे तोंड करून तिने लसूण परतला होता. आता सगळं ठरलं होतं. एकासारखी दुसरी टाइल लावायचीच नाही. काजूचं फळ, हिरवा पोपट, अर्धं निळं जहाज, ज्याचा दुसरा अर्धा भाग जगात कुठे नाही, असा माल तिने आल्या आल्या बाजूला काढला होता. गवंडी बोलवायचा नव्हता. खुराड्याच्या भिंतीवर तिने स्वतः सराव केला होता. तीन टाइल्स वाकड्या बसल्या, पण कोंबड्यांची काही तक्रार नव्हती. आनंदाने तिला नुसत्या गुदगुल्या होत होत्या.

दुकानदार वाल्देमार मात्र इरेला पेटला होता. गिऱ्हाईक जोडीशिवाय परत गेलं की त्याला जेवण जात नसे. तो सारखा तुकडा बघायला मागत होता. दोना इरासेमा मात्र तुकडा मुठीत धरून त्याला नुसतं वर्णन सांगत होती: जराशी हिरवट होती, फूलबिल काही नव्हतं. बिचारा गोदामाच्या त्या टोकाला पळत होता. म्हातारीची आठवण गेली वाटतं, असं नेईदेच्या मनात आलं. तिला वाईट वाटलं. पण उठण्याइतकं नाही.

शेवटी वाल्देमार घाम पुसत आला. सगळं बघून झालं, म्हणाला, आता ताई बसल्यात तेवढीच खोकी राहिली. नेईदेने स्कर्ट आणखी खाली ओढला. संपलं सगळं, आणखी बावीस वर्षं चॉकलेटी.

"तिचा पाय मुरगळलाय, बसू दे तिला," दोना इरासेमा म्हणाली. "तू वर माळ्यावर बघ."

तो शिडी चढला. म्हातारी जवळ आली, सुनेच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो असा दाबला की नेईदे खोक्यावर आणखीच रुतली.

"आई, मी..."

"गप बस. ती टाइल मी निवडली असं वाटलं होय गं तुला? माझ्या सासूने निवडली. मरताना माझ्याकडून शपथ घेतली, ही बाजारात मिळते तोवर भिंतीला दुसरी लावणार नाही म्हणून. बेचाळीस वर्षं झाली." तिने शिडीकडे एक नजर टाकली आणि आवाज आणखी खाली आणला. "तुझ्याखाली काय आहे ते मला सांगू नकोस, आणि उठू तर मुळीच नकोस. मी बघितली नाही, तोवर ती बाजारात नाही."