बटण बंद केल्यावर

मुलांनो, कल्पना करा, तुमचं एक पाऊल घोट्यातून वर उचललंच जात नाही. आठ वर्षांच्या गोपिकेचं तसं झालं होतं. तापात दिलेलं इंजेक्शन चुकीच्या जागी बसून पायाची नस दुखावली होती. १९७४ साली नागपूरच्या दवाखान्यात मी तिच्या पायाला यंत्राच्या तारा पट्ट्यांनी बांधून रोज हलका करंट द्यायचे. करंट आला की पाऊल वर यायचं. “यंत्राला एकट्याला उचलू देऊ नकोस, तूही उचल,” मी म्हणायचे. तीन महिन्यांनी घरी जायच्या आदल्या दिवशी ती रडवेली झाली. “डॉक्टरीणबाई, आमच्या गावात लाइट नाही. मंग माहा पाय कसा उठन?” मी बटण बंद केलं. “आता उचल.” पाऊल थरथरलं आणि हळूच वर आलं. तिला न्यायला आलेले वडील म्हणाले, “थोडा करंट उरला असन आत.” गोपिकेने पायाच्या पट्ट्या सोडल्या, तारा वडिलांच्या हातात दिल्या आणि पाऊल पुन्हा उचललं.