खाडीकाठचा बघण्याचा कार्यक्रम

चैत्रातला पहिला रविवार, सकाळचे साडेसात. स्थळ भांडुपच्या खाडीकाठची, पक्षी पाहण्यासाठी बांधलेली बांबूची कुटी. दोघांच्या आया बाहेर पोह्यांचा डबा उघडून बसल्या होत्या आणि दर मिनिटाला आत डोकावत होत्या. जागा रेवतीने सुचवली होती. चार स्थळे नाकारल्यावर शौनक तिला पाहताक्षणीच आवडला होता, आणि आता काय बोलावे हेच तिला सुचत नव्हते. तो मात्र दहा मिनिटे डोळ्यांना दुर्बीण लावून बसला होता. पाय तेवढा एकसारखा हलत होता.

"फ्लेमिंगो दिसले का रे?" तिने विचारले.

"हो ना. मस्त आहेत."

दुर्बिणीची पुढची झाकणे त्याने काढलीच नव्हती.

"शौनक, तुला हे लग्न नकोय ना?"

त्याने दुर्बीण खाली घेतली. "माझं दुसरीकडे ठरलंय. मागे आईला सांगितलं, तर तिने दोन दिवस जेवण सोडलं."

दोघे बाहेर आले तेव्हा शौनकच्या आईने हातातली बशी खाली ठेवली. "मग? काय ठरलं तुमचं?"



"काकू," रेवती म्हणाली, "मुलगा मला पसंत नाही."