सोनारीचा दोरा

अकरा रात्री झाल्या होत्या. पाच वर्षांची आरोही झोपेतच उठून बसायची, डोळे टक्क उघडे ठेवून किंचाळायची आणि जवळ घ्यायला गेलेल्या आईला, हर्षालीलाच, ढकलून द्यायची. सकाळी मात्र तिला त्यातलं काहीच आठवत नसे.

"लेकरू भ्यालंय. सोनारीला घेऊन जा," सासूबाई म्हणाल्या.

हर्षालीने वाशीहून दोन एसट्या बदलून सोनारी गाठली, भैरवनाथापुढं डोकं टेकलं आणि काळा दोरा लेकीच्या मनगटात बांधला. त्या रात्रीही आरोही किंचाळलीच. आता कुणाच्या पाया पडावं, हेच हर्षालीला कळेना. पहाटे उशापाशी बसल्या जागीच तिचा डोळा लागला.

जाग आली तर लेकीचं मनगट मोकळं!

"दोरा कुठं टाकलास गं?" ती ओरडलीच.

"टाकला न्हाय." आरोहीने आईच्या हाताकडं बोट दाखवलं. आईच्या मनगटाला पुरला नव्हता, म्हणून दोरा हर्षालीच्या करंगळीला गुंडाळलेला होता.



"तुला बांधलाय, मम्मी. रोज सकाळी मी उठले की तू रडतच बसलेली असतीस. रात्री लई भ्या वाटतंय का तुला?"