निलमची बाटली

झोपडीमागून गंगी बाटली घेऊन आली तेव्हा मयुरा सिस्टरच्या जिवात जीव आला. या एवढ्याशा बाटलीसाठी तिने रानशेतच्या पाड्यावर किती हेलपाटे घातले होते! कधी दाराला कडी, कधी लग्न, कधी घरदार कामावर. गंगीच्या निलमची किडनी गेल्या पावसाळ्यात जुलाबांनी बंद पडली होती. मोठ्या दवाखान्यात पोर कशीबशी वाचली. आता वरून बरी दिसली तरी लघवी तपासत राहायला हवी, हे सांगून सांगून मयुराची जीभ झिजली. "पोर तर झाडावर चढते," एवढंच उत्तर. पालथ्या घड्यावर पाणी.

तरी मागच्या दोन्ही बाटल्या स्वच्छ निघाल्या होत्या. हीही तशीच निघाली की डॉक्टर निलमची तपासणी बंद करणार होते. सुटलो एकदाचे, म्हणत मयुराने झाकण आवळलं.

तेवढ्यात बांधावरून निलम आली, ओच्यात करवंदं घेऊन. सकाळपासून रानातच होती.

मयुराने हातातल्या कोमट बाटलीकडे पाहिलं. "गंगी, पोरगी तर आत्ता येतेय. मग हे कुणाचं?"

"दिपकचं." निलमचा धाकटा भाऊ उंबऱ्यावर बसून दोघींकडे बघत होता.

"आणि मागच्या दोन्ही वेळी?"

"तवा पण त्याचंच दिलं."

मयुराने कपाळावर हात मारला. "अगं, आजारी कोण होतं? मी इथे उन्हातान्हात मरायला येते का?"

गंगी पदराचं टोक पिळत राहिली. "निलमचं बरं नाय दिसत, बाय. फेस येतो, साबण घातल्यासारका. तुमी येवढ्या लांबून येता. तुमाला तसलं कसं द्यायचं?"

राग कुणावर काढावा तेच मयुराला कळेना. फेस म्हणजे किडनी अजून बरी नाही. इतक्या वेळा आली, पण फेस येतो का, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. नुसती बाटली मागितली होती.

तिने पिशवीतून दुसरी बाटली काढली. निलम झोपडीमागे जाऊन आली. गंगीने बाटली तिच्याकडून घेतली आणि फेस खाली बसायची वाट बघत तशीच उभी राहिली. तो बसेना. शेवटी तिने बाटली पदराने पुसली आणि दोन्ही हातांनी पुढे केली.

"याच्याहून चांगलं नाय निघालं, बाय."