म्हशीपुरती हिंदी

पाटसच्या साळूबाईंच्या तोंडाला अख्खी आळी टरकून असायची. सून हर्षदा तर सकाळच्या चहाबरोबर चार शिव्याही गिळायची. मग गोठ्यात हरियाणाची म्हैस आली. मराठीत चुचकारून साळूबाईंचा घसा बसला, तरी बया पान्हा सोडेना.

शेवटी गुऱ्हाळावरच्या भैयाकडून त्या हिंदीची चार वाक्यं शिकून आल्या. त्यात शिवी एकही नव्हती. म्हशीनं लाथ मारली तरी गोठ्यातून आवाज यायचा, "कोई बात नहीं, बेटी." पुढं पुढं तर म्हशीपाशी त्यांना रागच येईनासा झाला. हर्षदा ओट्यावरून हे सगळं बघत होती.

काल डेअरीला न्यायची भरलेली किटली हर्षदाच्या हातून अंगणात आडवी झाली. साळूबाई तरातरा बाहेर आल्या.

"डोळं फुटलं व्हय गं तुजं..."

हर्षदानं पदर सावरला. "माँजी, माफ कर दो. सारा दूध गिर गया."

साळूबाईंनी हिंदीतली एखादी शिवी पुष्कळ आठवून पाहिली.

 

मग सुनेच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "कोई बात नहीं, बेटी. चल, चारा खा ले."